उरलेली नावं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या केंद्राचे संचालक, आदरणीय मोठे डॉक्टर. व्यासपीठावरच्या आपल्या मोठ्या बाई. जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत आणि जी मघापासून खुर्चीच्या अगदी कडेवर बसली आहे, जणू कुणी अर्ज घेऊन आलंच तर चटकन उठता यावं, ती आपली ताई. माझे सहकारी, पालक, आणि हे भाषण कधी संपतंय याची वाट बघत पुढे सतरंजीवर बसलेली मुलं, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी इथे का उभी आहे, हे आधी सांगायला हवं. मी काही बोलणारी बाई नाही. कार्यालयात टायपिंग करते, पत्रं पाठवते, तुमच्या मुलांच्या फायली लावते. पण ताईनं समारंभाला होकार देतानाच अट घातली होती. "भाषण एकच. निरोप आहे, शिक्षा नाही." बोलायची इच्छा असणाऱ्यांनी फळ्याशेजारच्या कागदावर नावं लिहिली. अकरा झाली. मग सोडत काढायचं ठरलं आणि काल दुपारी सगळ्यांसमोर माझ्या संगणकावर ती काढली. नाव माझंच आलं.

वाहनचालक काका लगेच म्हणाले, "स्क्रिप्ट हिची, संगणक हिचा, नावही हिचंच. कोण म्हणतं सोडतीत नशीब लागतं?" सगळे हसले. ताई हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "अकरा होती ना? मोजलीस?"

"मोजली, ताई."

हे दोन शब्द मला आज सहज म्हणता येतात. चार वर्षांपूर्वी म्हणता आले नव्हते. त्याची गोष्ट सांगायची मी ताईकडे परवानगी मागितली, तर म्हणाली, "तुझी चूक आहे, तुझी तू सांग." अध्यक्ष महोदय, आपलीही परवानगी मी गृहीत धरते. आपणही त्या गोष्टीत आहात.

नवीन मंडळींसाठी थोडं सांगते. बोलणं उशिरा येणाऱ्या मुलांसाठी आपलं केंद्र आहे. वर्षाला बारा जागा. दोन शिक्षिका, प्रत्येकीकडे सहा मुलं. त्याहून एक जरी वाढलं तरी सातव्या मुलाला कोणीच नीट ऐकत नाही, असं त्यांतल्या मोठ्या बाई म्हणतात. वय सहाच्या आत हवं. अर्ज येतात जागांच्या पाचपट. म्हणून सोडत.

ही सोडत वीस वर्षं ताईनं काढली. बिस्किटांचा एक चौकोनी डबा होता, झाकणाचा रंग उडालेला. त्यात चिठ्ठ्या. टाकताना मोजायच्या, मोठ्यानं. बारा निघाल्या की आपण समजतो संपलं. ताईचं तिथं संपत नसे. ती डबा टेबलावर उपडा करी आणि उरलेली प्रत्येक चिठ्ठी उघडून नाव वाची. ज्याचं नाव घेतलं त्याच्या आईनं किंवा वडिलांनी सभागृहातून "हो" म्हणायचं. मग पुढची चिठ्ठी. पन्नास-पन्नास नावं. लोक चुळबुळत, कुणी तर चिडत. मीच एकदा तिला म्हटलं होतं, "ताई, हरलेल्यांची यादी कशाला वाचायची? जखमेवर मीठ."

ती चिठ्ठ्यांच्या घड्या परत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "चिठ्ठी निघाली नाही आणि चिठ्ठी डब्यातच नव्हती, हे दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं बघ. आपलं नेमकं काय झालं, हे आईला कळायला नको?"

मला ते तेव्हा फारसं कळलं नाही. नुसतं छान वाटलं.

चार वर्षांपूर्वी मी संध्याकाळच्या एका वर्गाला जायला लागले होते. संगणकाची भाषा, अगदी नवशिक्यांसाठी. वर्गात सगळ्यांत मोठी मी. माझी मुलगी म्हणाली, "आई, तू आणि प्रोग्रामिंग? तू तर अजून फोनला हळू बोलायला सांगतेस." पण मला गोडी लागली. तिसऱ्या आठवड्यात एक गृहपाठ होता : एका फाइलमध्ये ओळी आहेत, त्यांतल्या काही ओळी कशाही, न ठरवता उचलून दाखवा. स्क्रिप्ट म्हणजे दुसरं काय, संगणकाला लिहून दिलेली कामांची यादीच. ही फाइल उघड, ओळी वाच, त्यांतल्या इतक्या उचल. माझी पंधरा ओळींची स्क्रिप्ट पहिल्यांदा चालली तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली होती.

ती मी इथे आणली. दुपारच्या चहाचे कप रोज कोणी विसळायचे, यावरून आपल्याकडे कुरबुर चाले. मी आम्हा दहाजणांची नावं फाइलमध्ये घातली. रोज एक नाव. तीन आठवडे चाललं, आणि त्या तीन आठवड्यांत वाहनचालक काकांचं नाव एकदाही आलं नाही. आम्ही त्यांना चिडवायचो, "काका, नशीब काढलंत!" ते मिशीतल्या मिशीत हसायचे. एकदा तर म्हणाले, "माझं नाव आत आहे ना नक्की? नाहीतर उगाच नशिबाला नावाजतोय मी."

मी हसले. फाइल उघडून दाखवली. "हे काय काका, सगळ्यांत शेवटी. आहे ना?"

"आहे बाबा," ते म्हणाले.

तुम्हीच सांगा, त्याच वेळी माझ्या डोक्यात काही चमकायला नको होतं? पण नशीब हा शब्द फार सोयीचा आहे. तो एकदा वापरला की माणूस पुढे काही तपासत नाही.

डॉक्टरांना माझी स्क्रिप्ट आवडली. या वर्षीपासून सोडत संगणकावर, ठरलं. ताईनं विरोध केला नाही. डबा पुसून कपाटावर ठेवला. फक्त म्हणाली, "मोजून घे हं." मला थोडा रागच आला. यंत्राला मोजायला शिकवायचं म्हणजे काय! मी मोजलं नाही.

अर्ज घेण्याच्या शेवटच्या दिवशी पाच वाजता ताई अर्जांची खिडकी लावून घेत होती. एक बाई धावत आली, कडेवर मुलगी, हातातली कागदपत्रं घामानं ओली. मुलीनं आईच्या स्वेटरचं बटण मुठीत घट्ट धरलं होतं. ताईनं अर्धी लावलेली खिडकी परत उघडली. घड्याळाकडे पाठ करून अर्ज भरून घेतला. मुलीचं वय बघून माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पाच वर्षं दोन महिने. हिची ही एकच संधी. पुढच्या वर्षी बसणार नाही वयात." त्या बटणावरून आम्ही मुलीला गुंडी म्हणायला लागलो. अर्ज क्रमांक एकसष्ट.

मी तिचं नाव फाइलमध्ये टाइप केलं, सगळ्यांत शेवटी, आणि फाइल बंद केली.

सोडतीच्या दिवशी सकाळी अकराला हेच सभागृह भरलं होतं. भिंतीवर मोठा पडदा. मी टेबलाशी, समोर एकसष्ट घरं. कुणाच्या मांडीवर मूल, कुणी दारात उभं. मी बटण दाबलं. पडद्यावर बारा नावं आली.

कोणी रडलं, कोणी बायकोचा हात धरला. तिसऱ्या रांगेतले एक बाबा उठून दाराशी गेले, फोन लावला आणि ओरडलेच, "आई, मिळाली जागा! अगं मिळाली!" सगळ्यांना ऐकू गेलं. आम्ही त्यांना अजून फोनवाले बाबा म्हणतो.

डॉक्टर आभार मानायला उठले. ताई म्हणाली, "उरलेली नावं?"

"ती फळ्यावर लावू या," डॉक्टर म्हणाले. "उशीर होतोय."

मीही म्हटलं, "ताई, हे यंत्र आहे. ते विसरत नाही."

"मग वाचायला हरकत काय?" ताई म्हणाली, आणि माईक हातात घेऊन उभी राहिली.

मी नाराजीनंच उरलेली यादी पडद्यावर आणली. ताई वाचू लागली. नाव, "हो." नाव, "हो." मी घड्याळ बघत होते. यादी संपली. ताई थांबली. तिच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. ती मोजत होती.

आणि मागच्या रांगेतून आवाज आला. मोठा नव्हता. "बाई, माझ्या मुलीचं नाव निवडलेल्यांत नाही आलं. उरलेल्यांतही नाही आलं. मग ती गेली कुठे?"

मी फाइल उघडली. पडदा चालूच होता, त्यामुळे मी काय करते ते सगळं सभागृह बघत होतं. फाइलमध्ये नाव होतं. एकसष्टावी ओळ, स्वच्छ, बरोबर. मी स्क्रिप्टला विचारलं, तू किती ओळी वाचल्यास? पडद्यावर आकडा आला. साठ.

कुणीतरी म्हणालं, "काढून टाकलंय मुद्दाम." दुसरं म्हणालं, "अजून कोणाकोणाचं काढलंय?" खुर्च्या सरकल्या. डॉक्टर माझ्या कानाशी वाकले, "तांत्रिक अडचण म्हणा. दहा मिनिटं मागा." मला दहा मिनिटं नको होती, मला पळून जायचं होतं. ताई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत, आणि शांतपणे म्हणाली, "नावात खोट आहे की जागेत, ते बघ आधी."

नावात की जागेत. मी गुंडीचं नाव तिथून उचलून सगळ्यांत वर ठेवलं, खाली उरलेली रिकामी ओळ पुसली. पुन्हा चालवलं. साठच. पण आता गुंडी होती, आणि साठावा मुलगा, जो आता तळाशी आला होता, तो नाहीसा झाला. त्याची आई पुढच्याच रांगेत होती. ती ताडकन उठली, "अहो, आता माझा गेला!"

म्हणजे नाव कोणाचंही असो, शेवटचं जायचं. वाहनचालक काका दाराशी उभे होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी हळूच कप विसळल्याची खूण केली. नशीब नव्हतंच ते. तीन आठवडे ते डब्यातच नव्हते.

मग मला माझी वही आठवली. वर्गातल्या सरांनी सांगितलेलं मी लाल शाईनं लिहून घेतलं होतं : ओळ संपली हे संगणकाला सांगावं लागतं. आपण नाव लिहून एन्टर दाबतो, ती संपल्याची खूण. माझी स्क्रिप्ट ती खूण दिसली तरच ओळ हातात घ्यायची. नाहीतर अर्धवट समजून सोडून द्यायची. बाकी साठ नावांनंतर मी एन्टर दाबलं होतं, कारण खाली पुढचं नाव लिहायचं होतं. शेवटच्या नावानंतर कशाला दाबू? खाली कोणी नव्हतंच.

ज्या मुलीसाठी ताईनं लावलेली खिडकी उघडली होती, तिच्या तोंडावर ती मी लावली होती.

गुंडीचं नाव परत शेवटी नेऊन मी त्यानंतर एन्टर दाबलं. एकसष्ट.

चूक सापडली. पण बारा घरांत आनंद आधीच पोचला होता. आता करायचं काय? डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "त्या मुलीला तेरावी जागा देऊ या. विषय संपेल." खरं सांगू? मला ते देवानं दिल्यासारखं वाटलं. गुंडीला जागा, कुणाचं काही जात नाही, माझी चूक झाकली जाते.

ताई म्हणाली, "आणि या अठ्ठेचाळीस जणांना काय शिकवायचं? पुढच्या वेळी मोठ्यानं ओरडा म्हणून? डॉक्टर, सोडत झालेलीच नाही. डब्यात एकसष्ट नव्हत्याच."

ती माईककडे वळली. "केंद्राकडून चूक झाली आहे," तिनं सुरुवात केली. तिनं माझं नाव घेतलं नसतं, मला माहीत आहे. वीस वर्षांत कधी कोणाचं घेतलं नव्हतं. मी तिच्या हातातून माईक घेतला. "चूक माझी आहे," मी म्हटलं. "शेवटचं नाव स्क्रिप्टनं वाचलंच नाही. मी मोजलं नव्हतं. सोडत पुन्हा काढावी लागेल."

जो कल्लोळ झाला तो मी सांगत नाही. एकच सांगते. फोनवाले बाबा टेबलापर्यंत चालत आले, अगदी माझ्यासमोर उभे राहिले. ओरडले नाहीत. म्हणाले, "मी माझ्या आईला सांगितलंय. ती अंथरुणाला खिळली आहे. आता परत फोन करून काय सांगू, तेवढं तुम्ही मला सांगा."



मी ताईला म्हटलं, "डबा आणू?" कपाटावरचा तो डबा मला तिथूनही दिसत होता. ती म्हणाली, "नाही. दुरुस्त झालंय ना? मग यावरच काढ. आज डबा आणला तर हे लोक तुझ्यावर कधी विश्वास ठेवणार नाहीत. आणि तूही ठेवणार नाहीस."

मी आधी एकसष्ट नावं मोठ्यानं वाचली. एकसष्ट वेळा "हो" ऐकलं. काही "हो" दगडासारखे आले. मग बटण दाबलं.

पहिल्या बारांतली तीनच पुन्हा आली. फोनवाल्या बाबांचा मुलगा नाही आला. आणि गुंडीही नाही आली.

तुम्हाला वाटलं असेल, ती येईल. मलाही वाटलं होतं. एवढं सगळं तिच्यासाठी घडलं, तर निदान तिचं नाव यावं, असं मी मनात हात जोडून म्हणत होते. पण सोडतीला आपलं मन कळत नाही, आणि कळायला नकोच. ताईनं उरलेली एकोणपन्नास नावं वाचली. शेवटचं गुंडीचं. मागच्या रांगेतून तिची आई उभी राहिली आणि म्हणाली, "हो." थोडं थांबून म्हणाली, "आता कळलं कुठे आहे ते."

लोक गेले. डॉक्टर बराच वेळ त्या पडद्याकडे बघत उभे होते. उरलेली यादी तिथे तशीच होती. फळ्यावर लावली असती तर तो एक कागद झाला असता. पण ती नावं त्यांनी एकेका आवाजासकट ऐकली होती. अध्यक्ष महोदय, त्या दिवशी आपण मला एक शब्दही बोलला नाहीत, याची मला जास्त भीती वाटली होती. आठ दिवसांनी आपण पत्र टाइप करायला दिलंत. शनिवारचे पालकवर्ग. जागा नाही मिळाली त्या मुलांच्या आईवडिलांना मोठ्या बाई घरी काय करून घ्यायचं ते शिकवणार. वयाची अट नाही. त्या पत्राच्या एकोणपन्नास प्रती मी काढल्या. मोजून.

पहिल्या शनिवारी अकराजण आले. गुंडीची आई पहिल्या बाकावर होती. फोनवाले बाबा तिसऱ्या शनिवारी आले. वर्षभर ते माझ्या टेबलावरून मान न वळवता जायचे. त्यांनी मला माफ केलं की नाही, मी कधी विचारलं नाही; तो त्यांचा हक्क आहे. आज ते आले आहेत. ताईसाठी आले आहेत, हे मला माहीत आहे. पण आले आहेत.

माझी स्क्रिप्ट आता बावीस ओळींची आहे. खूण असो नसो, शेवटची ओळ ती सोडत नाही. सुरू होताना मोजते, संपताना मोजते, आणि निवडलेली नावं दाखवून थांबत नाही, उरलेलीही दाखवते. वर्गातल्या सरांना दाखवली तर म्हणाले, "शेवटच्या दोन ओळी कशाला? गृहपाठात नव्हत्या." मी म्हटलं, "त्या माझ्या नाहीत. आमच्या खिडकीतल्या ताईच्या आहेत."

आता आभार. अध्यक्षांनी आपली बाजू सांगायची संधी न मागता हे सगळं ऐकून घेतलं, त्यांचे. मोठ्या बाईंचे, ज्यांच्या शनिवारांना सुट्टी राहिली नाही. सभागृह झाडून खुर्च्या मांडणाऱ्यांचे, आणि तुम्हा सगळ्यांचे. बोलताना कोणाचं मन दुखावलं असेल, काही राहून गेलं असेल, तर नंतर पाठीमागे म्हणू नका; मागच्या रांगेतून आत्ताच आवाज द्या. तुमच्या आवाजानं माझं भलंच झालं आहे.

फक्त जाण्याआधी, ताईच्या रीतीप्रमाणे, काल जी निघाली नाहीत ती नावं वाचते. यांनाही ताईबद्दल बोलायचं होतं. नाव घेतलं की "हो" म्हणा.

वाहनचालक काका. हो, काका, या वेळी आत होतात. सफाईच्या मावशी. मोठ्या बाई. धाकट्या बाई. कान तपासणारे सर. रखवालदार दादा. वाचनालयातल्या वहिनी. आमचे मोठे डॉक्टर. बघा, त्यांचंही निघालं नाही. फोनवाले बाबा.

...हो. ऐकलं, बाबा.

आणि शेवटची ओळ. कागदावर ही पेन्सिलीनं लिहिलेली होती, मोठ्या अक्षरांत, खाली जागा न उरल्यामुळे समासात वळलेली. वय वर्षं नऊ. गुंडी.

थांबा, कोणी तिच्या वतीनं म्हणू नका. आई, तुम्हीही नाही. तिला थोडा वेळ लागतो. आपल्याला घाई नाही.

...

ऐकलंत?

अकरा झाली, ताई. मोजली. आता खिडकी लावून घेतलीस तरी चालेल.